हेमकांत चौधरींचं शेवटचं पान

एक

मीनाबाई माहेराहून, म्हणजे प्रकाशा गावाहून, बुधवारी पाचच्या एसटीनं शहाद्याला उतरल्या. पिशवीत भावाच्या मळ्यातली केळी होती आणि डोक्यात नवऱ्याला ऐकवायच्या दोन-चार गोष्टी. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. हेमकांत चौधरी रोजच्यासारखे कॉम्प्युटरपुढे बसले होते; पण मान खांद्यावर कलंडली होती आणि खोलीत कपाशीवर फवारायच्या औषधाचा वास कोंडला होता. हातातली पिशवी केव्हा सुटली ते मीनाबाईंना कळलं नाही.

फौजदार यामिनी वळवी पोचली तोवर अर्धी गल्ली ओट्यावर जमली होती. टेबलाखाली औषधाची बाटली, टेबलावर जवळजवळ रिकामा पेला आणि पडद्यावर एक पान उघडं. हेमकांतभाऊंचं स्वतःचं संकेतस्थळ होतं, त्यातलं ते पान. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी चढवलेलं. यामिनीनं ते उभ्यानंच वाचलं.

‘मी, हेमकांत चौधरी, या स्थळावर आजवर जी नावं लिहिली ती ऐकीव माहितीवर लिहिली. त्यांत तथ्य नाही. कुणाची बदनामी झाली असल्यास क्षमा असावी. मला आता जगण्यात रस उरलेला नाही. यात कुणाचाही दोष नाही.’

त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ‘हे पान फायरफॉक्स, क्रोम आणि कालीबाईंच्या बटनाच्या फोनवर उघडून पाहिलं आहे.’

मोठ्या साहेबांनी पान वाचलं, बाटली पाहिली आणि आत्महत्या म्हणून प्रकरण हातावेगळं करायची तयारी केली. यामिनीला मात्र ती खालची ओळ सोडवेना. मरायला निघालेला माणूस आपला निरोप तीन ठिकाणी नीट दिसतो का ते बघत बसेल? तिनं तसं विचारलंही. साहेब म्हणाले, सवय असते एकेकाला.

आतल्या खोलीत मीनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. यामिनी जवळ बसली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“त्यास्ले खोकला व्हता. रोज दुपारले काढा लेयेत. आज बी पेलामा काढाच शे. मरनारा मानूस खोकलाना काढा लेस का, बेटा?”

भिंतीवर फोन नंबरांचा कागद डकवला होता. पहिलंच नाव कालीबाईचं. यामिनीनं तीनदा लावल्यावर डोंगरातून आवाज आला, तुटक तुटक. यामिनीनं विचारलं, आज भाऊंचं कुठलं पान तुम्ही उघडून पाहिलं?

“कुठलंच नाही,” कालीबाई म्हणाली. “चार दिवस झाले, भाऊंचा फोनच नाही.”

दोन

हेमकांत चौधरींचं हे वेड गावाला ठाऊक होतं, कळलं मात्र कुणालाच नव्हतं. तापीकाठच्या गुजर घरातला माणूस. तीस वर्षं साखर कारखान्यात ऊसतोडीच्या टोळ्यांची नावं लिहिली. दरसाल दसरा झाला की सातपुड्यातून टोळ्या उतरायच्या, काही इथं थांबायच्या, बऱ्याचशा पुढे गुजरातेत जायच्या. जाताना असलेलं एखादं नाव येताना नसायचं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. निवृत्त झाल्यावर भाऊंनी कॉम्प्युटर घेतला, पुस्तकं लावून पान बांधायला शिकले आणि न परतलेल्या माणसांसाठी स्थळ उभं केलं. एका माणसाला एक पान. नाव, पाडा, कुठल्या साली कुणाबरोबर गेला, शेवटचा कुठं दिसला. चित्र नाही, रंग नाही. अशी एकशे चौऱ्याऐंशी पानं झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कालीबाई धडगावची बस धरून ठाण्यात आली. अंगणवाडीत मदतनीस, सातवी शिकलेली, पन्नाशीची पावरा आदिवासी बाई. तिनं सांगितलं त्यावरून यामिनीला भाऊंची रीत समजली. पान लिहून झालं की ते कालीबाईला फोन करायचे. ती टेकडीवर जाऊन, रेंज धरून, पान उघडायची आणि सगळं दिसतंय का, नाव नीट वाचता येतंय का ते सांगायची. तिनं हो म्हटल्यावरच भाऊ ती शेवटची ओळ घालायचे. त्याआधी कधीच नाही. एकदा तिला ताप होता म्हणून एक पान नऊ दिवस त्या ओळीवाचून राहिलं होतं.

म्हणजे ती ओळ भाऊंनी घातली नव्हती. आणि ओळ त्यांची नसेल तर पानही त्यांचं नव्हतं.

कालीबाईला मात्र वेगळीच धास्ती होती. बसमध्ये तिनं स्थळ उघडलं होतं. एकशे त्र्याऐंशी पानं जागच्या जागी होती. एक नव्हतं. निरोपाचं पान ज्या पत्त्यावर चढवलं होतं, तो पत्ता निशाच्या पानाचा होता. निशा तिची मुलगी. चार वर्षांपूर्वी दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली ती आलीच नाही.

“पोलिसांनी तेव्हा तक्रार घेतली नाही,” कालीबाई यामिनीकडे न बघता म्हणाली. “सज्ञान आहे, मर्जीनं गेली म्हणाले. तिचं नाव त्या एकाच ठिकाणी होतं, मॅडम. आता तेही नाही.”

नवरात्रात भाऊंनी तिच्याकडून निशाच्या शाळेच्या दाखल्याचा फोटो मागवून घेतला होता. तो तिनं फोनवर बोटानं सरकवत काढला आणि यामिनीपुढे धरला. जन्मतारीख, एक जून दोन हजार सात. यामिनी मनातल्या मनात हसली. तिची स्वतःची जन्मतारीखही एक जून. आश्रमशाळेत ज्यांची तारीख घरी माहीत नसते त्या सगळ्या लेकरांना गुरुजी एक जून देऊन टाकतात. तारीख खोटी, पण साल सहसा खरं असतं. तिनं बोटांवर हिशेब केला आणि हसू मावळलं. टोळीबरोबर गेली तेव्हा निशा चौदा वर्षांची होती.

तीन

पहिला संशय आला तो पुतण्यावर, पवनवर. शहाद्यात दुकानांची संकेतस्थळं बांधून द्यायचा त्याचा धंदा. तयार साधनांत चित्रं ओढायची, मजकूर टाकायचा, तासाभरात स्थळ उभं. काकांशी त्याचं त्यावरून वाजायचं. काका म्हणायचे, तू पानं बांधत नाहीस, मांडव घालतोस. यंदा श्रावणात त्यानं न विचारता काकांच्या स्थळाची नक्कल आपल्या साधनात उतरवून देखणी करून दाखवली, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

पवननं काही लपवलं नाही. निरोपाच्या पानामागची लिखावट, म्हणजे कोड, त्यानं पडद्यावर उघडली आणि ओळी मोजल्या. त्याच्या साधनातून निघालेल्या साध्या पानामागेही शेकडो ओळींचा पसारा असतो. इथं सगळ्या मिळून बावीस होत्या, काकांच्या पद्धतीनं दोन-दोन जागा सोडून नीट मांडलेल्या.

“हे हातचं आहे, मॅडम,” तो म्हणाला. “मला असं येतही नाही. काकांनीच लिहिलं असणार. नाहीतर त्यांच्याच एखाद्या पानावर कुणी नुसता मजकूर बदलला असेल.”

त्याचं दुसरं वाक्य यामिनीनं मनाशी जपून ठेवलं. चढवायला वेगळी अक्कल लागत नव्हती, तेही पवननं सांगितलं. काकांच्या कॉम्प्युटरवर परवलीचा शब्द जतन केलेला होता, एक बटन दाबलं की पान वर.

दुसरा माणूस बन्सीलाल. विसरवाडीच्या चौफुलीवर त्याचं ऑफिस, म्हणजे टायरवाल्याच्या शेजारी दोन खुर्च्या आणि एक मोटारसायकल. हा टोळ्यांचा मुकादम. भाऊंच्या सतरा पानांवर त्याचं नाव होतं, निशाही त्याच्याच टोळीबरोबर गेलेली, आणि दोनदा त्यानं भर बाजारात त्यांना हातपाय तोडायची भाषा केली होती. बुधवारी दुपारी कुठं होता, असं विचारल्यावर त्यानं समोरच्या चहावाल्याकडे बोट दाखवलं. चहावाल्यानं मान हलवली, पण चहावाल्याला रोज त्याच्याच टोळीवाल्यांचं गिऱ्हाईक.

“धमकी दिधी, हाई खरं शे,” बन्सीलाल म्हणाला. “पन जीव नही लिधा. आनि ती पोरनं म्हनशात तर कागद शे मन्हाकडे.”

त्यानं फोनमध्ये फोटो दाखवला. नवरात्राच्या आधी हाच फोटो त्यानं तोऱ्यात हेमकांतभाऊंनाही दिला होता, आपण लहान लेकरू नेलं नाही हे दाखवायला. शाळा सोडल्याचा दाखला. निशाचं नाव, शाळेचा शिक्का, मुख्याध्यापकाची सही. जन्मतारीख, एक जून दोन हजार तीन.

एकाच शाळेचे, एकाच मुलीचे दोन दाखले. मधे चार वर्षांचं अंतर. सही कुणाची, असं यामिनीनं विचारलं, तेव्हा बन्सीलालनं हात झटकले. शाळावाल्यांची.

चार

परतीच्या वाटेवर जीप ट्रकांच्या रांगेमागे अडकली. यामिनीनं फोनवर भाऊंचं स्थळ उघडलं. नावांच्या यादीखाली एक वेगळं पान होतं, ‘ब्राउझर आणि अवजारं’. माणूस गेल्यावर त्याचा जबाब घेता येत नाही, पण हा माणूस आपला जबाब आधीच लिहून गेला होता, तोही भलताच तिरसट भाषेत.

‘लोक विचारतात, कुठला ब्राउझर चांगला? मी म्हणतो, वाचणाऱ्याच्या हातात असेल तो. दिसायला लागलं की खिडकीचं काम संपलं. “हे स्थळ अमुक ब्राउझरमध्येच बघा” असं लिहिणारा माणूस पाहुण्याला दारात उभं करून चप्पल बदलून यायला सांगतो.

‘स्थळ बांधायची तयार अवजारं मी वापरत नाही. पान देखणं होतं, पण जड होतं. डोंगरात रेंजची एक काडी येते. तिथं उभी राहून आई आपल्या लेकराचं नाव उघडते आणि पान अर्ध्यात अडकतं. त्या बाईला मी काय उत्तर देऊ? म्हणून साध्या मजकुराच्या चौकटीत हातानं लिहितो. जुनी पानं जपून ठेवत नाही. नव्यावर चुकून जुनं चढतं. दर दिवाळी पाडव्याला एक नक्कल पेनड्राइव्हवर काढून शिवाजीगुरुजींकडे ठेवतो, घराला आग लागली तर असावी म्हणून.

‘होळीला भोंगऱ्या बाजारात कालीबाईंचा बटनाचा फोन हरवला. अंगणवाडीतून मोठा फोन मिळाला. तेव्हा प्रत्येक पानाची शेवटची ओळ खोटी झाली. ती मी सगळीकडे बदलली, हातानं. अकरा दिवस लागले. पुतण्या म्हणाला, अवजारानं मिनिटात झालं असतं. झालं असतं. पण मग ती सगळी नावं मी पुन्हा एकदा वाचली असती का?’

यामिनीनं तो शेवटचा भाग दोनदा वाचला. मग यादीतली पानं उघडत सुटली, दहा, वीस, चाळीस. प्रत्येकाच्या शेवटी ‘कालीबाईंच्या नव्या फोनवर’. बटनाचा फोन साऱ्या स्थळावर फक्त एका पानात उरला होता, निरोपाच्या.

तिनं ड्रायव्हरला शहाद्यात वळायला सांगितलं, शिवाजीगुरुजींच्या घरी.

पाच

शिवाजीगुरुजी हेमकांतभाऊंचे वीस वर्षांचे मित्र. आयुष्य डोंगरातल्या एका आश्रमशाळेत गेलेलं, दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. अंत्ययात्रेत खांदा दिला होता, मीनाबाईंकडे दोन्ही वेळचा डबा यांच्याच घरून जात होता. यामिनीला त्यांनी बेटा म्हणून बसवलं, पाणी मागवलं. डोळे लाल होते, आणि ते लाल खोटे नव्हते.

यामिनीनं घाई केली नाही. भाऊंचा स्वभाव, त्यांचा खोकला, काढा, सगळं ऐकून घेतलं. गुरुजी म्हणाले, अलीकडे फार खचला होता. मग तिनं सहज विचारलं, त्यांची पानं तुम्ही वाचायचात?

“प्रत्येक. शुद्धलेखन मीच बघायचो. परवापरवापर्यंत.”

“शेवटी ते एक ओळ घालायचे, ती काय?”

“ती होय,” गुरुजी ओलसर हसले. “फायरफॉक्स, क्रोम आणि कालीबाईंच्या बटनाच्या फोनवर उघडून पाहिलं आहे. वेडाच होता. कुणी वाचत नाही ती ओळ, म्हणून सांगायचो त्याला.”

“होळीपासून ती ओळ एकाही पानावर नाही, गुरुजी. भाऊंनी अकरा दिवस बसून बदलली.”

गुरुजींचं हसू जागच्या जागी राहिलं, पण चेहरा त्याच्यामागून निघून गेला.

“जो स्थळ बघत होता त्याला नवीच ओळ दिसली असती,” यामिनी म्हणाली. “बन्सीलालला, कुणालाही. पवननं नक्कल उतरवली ती श्रावणात, तिच्यातही नवीच. भाऊंच्या कॉम्प्युटरवर जुनी पानं नाहीत. जुनी ओळ एकाच ठिकाणी शिल्लक आहे. तुमच्या कपाटात, गेल्या दिवाळीच्या पेनड्राइव्हवर. तुम्ही त्यातलं एक पान उघडलं, मधला मजकूर बदलला आणि खालची ओळ तशीच ठेवली. शिक्का वाटला तुम्हाला तो.”

आत कुठंतरी भांडं पडलं, तरी गुरुजींनी मान वळवली नाही. यामिनीनं दोन दाखल्यांचे फोटो त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारलं, यांतली कुठली सही तुमची?

सहा

दोन्ही त्यांच्याच होत्या. पेनड्राइव्ह कपाटात सापडला आणि निरोपाचं पान त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर, शनिवारी जतन केलेलं. हेमकांतभाऊ मरण्याच्या चार दिवस आधी.

मग गुरुजी बोलले, आणि थांबेनात. मुकादम यायचे, आईबापही कधीकधी यायचे, पोरं नाहीतरी जाणारच होती. सज्ञान असल्याचा कागद असला की वाटेत कुणी अडवत नाही. असे किती कागद दिले ते त्यांना आठवत नव्हतं. गेल्या दिवाळीनंतर हेमकांत निशाबद्दल खोदून विचारायला लागला, तेव्हापासून त्यांनी त्याचं स्थळ उघडणंच सोडलं होतं. पानं वाचतो म्हणून थाप मात्र मारत राहिले. नवरात्रात त्याच्या हाती दोन्ही दाखले आले. त्यानं मित्राला आधी सांगितलं, गुरुवारी निशाच्या पानावर तुझं नाव घालणार, त्याआधी तू स्वतः पोलिसांत जा. चार दिवस देतो. त्या चार दिवसांत गुरुजींनी पान तयार केलं. बुधवारी मीनाबाई घरी नाहीत हे बघून गेले, स्वतःच्या हातानं मित्राला काढा करून दिला. त्या कडू उग्र काढ्यात काय मिसळलंय ते भाऊंना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मग गुरुजींनी सोबत आणलेलं पान भाऊंच्याच कॉम्प्युटरवरून चढवलं.

“मी त्या मुलीला हातही लावला नाही,” गुरुजी म्हणाले. “कागदावर चार वर्षं वाढवली, एवढंच.”

यामिनी उठून बाहेर आली.

गुरुजी अडकल्याचं कळलं तसा बन्सीलालचा तोराही उतरला. निशा दुसऱ्याच महिन्यात तापानं गेली होती, नवापूरच्या पलीकडे, उसाच्या फडावर. तीन दिवस पालात पडून होती. सगळ्यांनी मिळून तिला तिथंच बांधाला माती दिली आणि तिथल्या गावच्या दप्तरात वय लिहिलं अठरा. अठरा असल्यामुळे कुणी काही विचारलं नाही. डोंगरात निरोप धाडायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. शनिवारी सकाळी यामिनी धडगावच्या वर, रस्ता संपतो तिथून पायी, कालीबाईच्या पाड्यावर गेली. कालीबाई अंगणात ज्वारी निवडत होती. यामिनी ओट्यावर बसली आणि सगळं सांगितलं, भाऊंचं, गुरुजींचं, मग निशाचं. कालीबाईचा हात सुपात तसाच राहिला. शिवाजीगुरुजी दर पंधरा ऑगस्टला तिच्या पोरीला बक्षीस द्यायचे, वही नाहीतर कंपास, एवढंच ती मधे एकदा बोलली.

शेजारची माणसं येऊन कुंपणापाशी उभी राहिली.

“कागदावर तिचं वय किती लिहिलंय?” कालीबाईनं विचारलं.

“अठरा.”

“ते आधी चौदा करा, मॅडम. अठराची म्हणून कुणी मेली असेल, ती माझी नाही. माझी चौदाची होती.”

यामिनीनं पिशवीतून कागद काढले आणि तिथंच बसून फिर्याद लिहायला घेतली, चार वर्षांपूर्वी कुणीतरी घ्यायला हवी होती ती. मुलीचं नाव, बापाचं नाव, पाडा. वयापुढे तिनं चौदा लिहिलं आणि कागद कालीबाईकडे दिला. कालीबाईनं तो आकडा वाचला, खाली आपली सही केली आणि कागद परत दिला. मग ती आत गेली आणि मोठ्यानं रडली.